कौतुक पुरे, चूक सांगा

अमेरिकेतून महाराष्ट्रात राहायला आलेल्या प्राध्यापकाची गोष्ट आपल्याकडे सांगितली जाते ती बहुतेक वेळा फजितीची असते. शेंगा चटणीच्या पहिल्याच घासाला डोळ्यांतून आलेलं पाणी, कडक भाकरी मोडायची कशी हा पडलेला पेच, मे महिन्यात भर दुपारी वही-पेन घेऊन सोलापूरच्या रस्त्यावर उतरलेला अभ्यासक आणि त्याला सावलीत ओढून पाणी पाजणारे लोक. या गोष्टी खऱ्या असतात आणि त्यांना हसण्यात वाईट काही नाही. परदेशी प्राध्यापकांनी स्वतःसुद्धा आपल्या पहिल्या वर्षाच्या अशा हकिकती हौसेनं लिहिल्या आहेत. पण तिखट, ऊन, गर्दी, पाणी हे सगळं काही महिन्यांत अंगवळणी पडतं. ज्याला जेवणच सोसवत नाही तो परत जातो, ज्याला सोसवतं तो राहतो, आणि दोन्ही प्रकारांत इथल्या समाजाबद्दल फारसं काही कळत नाही. रुळण्याचा खरा कस लागतो तो भाषेत. विद्यापीठात पीएचडी मिळवलेला माणूस इथे येऊन तोंड उघडतो तेव्हा त्याची भाषा चार वर्षांच्या मुलाएवढी असते. ज्ञान देण्याचा ज्याचा धंदा, त्याला भाजीवाल्या मावशींकडून धडे घ्यावे लागतात. विद्वानाच्या परदेशवासातला खरा विनोद या उलटापालटीत आहे, आणि ती उलटापालट त्याला मनापासून मान्य होते की नाही यावर पुढचं सगळं ठरतं. मात्र ती एकट्या त्याच्या हातात नसते. यजमानांनी साथ दिली नाही तर ती घडतच नाही, आणि आपण ती साथ फार क्वचित देतो.

परदेशी माणूस दोन वाक्यं मराठीत बोलला की आपण काय करतो ते आठवून पाहा. ‘अरे वा, किती छान मराठी बोलता तुम्ही!’ असं म्हणतो आणि तिसऱ्या वाक्याला इंग्रजीवर जातो. ‘माझा भाकरी संपला’ असं तो म्हणाला तर भाकरी स्त्रीलिंगी आहे हे त्याला कोणी सांगत नाही. घरी आलेल्या आजोबांना त्याने ‘तू कुठून आलास?’ विचारलं तर सगळे प्रेमाने हसतात आणि विषय पुढे जातो. हे सौजन्य आहे यात शंका नाही, पण त्याचा परिणाम असा होतो की वर्षभर राहूनही त्याची भाषा पहिल्या महिन्याच्या ठिकाणीच थांबते. आणि आपण त्याच्याशी बोलतो ते ठेवणीतलं बोलतो. पुण्यात पुस्तकी मराठी शिकून आलेला विद्यार्थी सोलापुरात उतरला की आपसातलं ‘काय करूलालास बे’ त्याच्या कानावर पडतं, पण त्याच्याकडे वळून बोलायची वेळ आली की तोच बोलणारा सावरून बसतो आणि आकाशवाणीवरच्यासारखं बोलू लागतो. घरातली भाषा घरात राहते, पाहुणा ओसरीवर.

आता याच शहरातलं दुसरं चित्र पाहा. सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांच्या अनेक पिढ्या नांदल्या. १८७७ साली इथे पहिली कापडगिरणी निघाली, जिला आजही लोक जुनी मिल म्हणूनच ओळखतात. पुढे आणखी गिरण्या आल्या, हातमाग होते, नंतर यंत्रमाग आले, चादरी आणि टॉवेलनी शहराचं नाव देशभर नेलं. विडी वळणाऱ्या हजारो बायका याच वस्तीतल्या. तेलुगूत नामांची लिंगव्यवस्था मराठीपेक्षा अगदी वेगळी आहे: तिथे एकवचनात पुरुष एका बाजूला आणि बाकी सगळं दुसऱ्या बाजूला. भाकरी ती, भात तो आणि ताक ते असं का, याचं कारण देणारा नियम त्या भाषेत नाही, जसा तो इंग्रजीतही नाही. म्हणून मराठी शिकताना तेलुगू घरातलं मूल जिथे अडखळतं तिथेच अमेरिकेतला प्राध्यापकही अडखळतो. चूक तीच असते, पण वागणूक अगदी उलटी मिळते. प्राध्यापकाचं कौतुक होतं, आणि विणकराच्या मुलाच्या मराठीची वर्गात नक्कल होते. एकाला आपण पाहुणा ठरवतो, दुसऱ्याला अडाणी, आणि दोघांनाही सुधारून घेत नाही. हे दोन प्रसंग शेजारी ठेवले की दिसतं की कौतुक आणि टवाळी दोन्ही त्या माणसाला उंबऱ्याबाहेर ठेवण्याचेच प्रकार आहेत. माणूस रुळू लागतो ते कोणी तरी त्याची चूक न हसता, न गोंजारता, तिथल्या तिथे दुरुस्त करतं तेव्हा. हे माझं म्हणणं, आणि त्याला आधार देणारी माणसं आपल्या आसपासच सापडतात.

त्यांत पहिलं नाव मॅक्सीन बर्नसन यांचं. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून भाषाविज्ञानाचा अभ्यास करणाऱ्या या बाई १९६६ साली फलटणला आल्या, त्या तिथल्या बोलण्याचाच अभ्यास करण्यासाठी. तो काळ अमेरिकेत भारतीय भाषांच्या अभ्यासाला पैसा आणि जागा मिळण्याचा होता. पेनसिल्व्हेनियात दक्षिण आशियाच्या अभ्यासाचा विभाग १९४८ पासून होता, आणि १९६१ मध्ये अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज निघाली तेव्हा तिचं काम पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून सुरू झालं. त्यामुळे अभ्यासक बरेच आले आणि प्रबंध लिहून परत गेले. बर्नसन यांचा विषय मात्र असा होता की पाहुणचाराच्या मराठीवर तो भागणारच नव्हता. एकाच गावात जातीप्रमाणे, शिक्षणाप्रमाणे, वयाप्रमाणे मराठी कशी बदलते हे त्यांना टिपायचं होतं. पेठेतल्या शिकलेल्या घरातलं ‘पाणी’ आणि वस्तीतलं ‘पानी’ यांत शुद्ध कोणतं असा प्रश्न त्या कामात गैरलागू होता. कोण, कुठे, कोणाशी बोलताना काय म्हणतं हा प्रश्न होता. म्हणजे आपण पाहुण्यापासून लपवतो नेमकी तीच भाषा त्यांच्या अभ्यासाची सामग्री होती, आणि ती मिळवायची तर लोकांनी त्यांच्यासमोर सावरून बसणं सोडायला हवं होतं. १९७३ मध्ये प्रबंध पुरा झाला. एवढं झालं की बाहेरून आलेला माणूस सामान बांधतो. बर्नसन फलटणलाच राहिल्या आणि पुढे त्यांनी भारताचं नागरिकत्व घेतलं.

फलटणलाच राहणाऱ्या लेखिका जाई निंबकर यांच्याबरोबर त्यांनी परकीयांसाठी मराठीची पाठ्यपुस्तकं, संदर्भ-व्याकरण आणि शब्दकोश तयार केला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या वतीने ती १९७५ च्या सुमारास निघाली आणि अमेरिकेतल्या पुढच्या पिढ्यांचे अभ्यासक त्यांवरच मराठी शिकले. या जोडीकडे जरा थांबून पाहण्यासारखं आहे. एक बाहेरून आलेली, तिला कुठे अडतं हे आतून माहीत असलेली, दुसरी इरावती कर्व्यांची मुलगी, भाषा जन्मापासूनची. ‘मला भूक लागली’ या साध्या वाक्यात भूक लागणारा माणूस वाक्याचा कर्ता का नसतो, हे मराठी माणसाला कधी विचारावंसं वाटत नाही. परक्याला ते पहिल्या आठवड्यात विचारावंच लागतं. रोज शेजारी बसून एकीने चुकायचं आणि दुसरीने सांगायचं, आणि मग दोघींनी मिळून त्या चुकीतून नियम शोधायचा, अशा कामाशिवाय असं व्याकरण तयार होत नाही. निंबकरांच्या घरात परदेशी माणसाला सामावून घेण्याची रीत जुनीच होती. जाई निंबकरांच्या सासूबाई कमला निंबकर या मूळच्या अमेरिकन क्वेकर, एलिझाबेथ लंडी. १९३० मध्ये त्या भारतात आल्या, नाव बदललं, आणि १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांनी व्यवसायोपचाराचं शिक्षण सुरू केलं, जे या देशात त्याआधी नव्हतं. फलटणला बर्नसन यांनी पुढे मराठी माध्यमाची शाळा उभी केली तिला कमला निंबकर बालभवन हेच नाव दिलं.

त्या शाळेत माझ्या युक्तिवादाचा दुसरा पुरावा आहे. फलटणच्या दलित वस्तीतल्या, शाळेबाहेर पडलेल्या मुलांना वाचायला शिकवण्यापासून बर्नसन यांचं काम सुरू झालं. या मुलांची अडचण त्यांना इतरांपेक्षा लवकर कळली असावी, कारण प्रौढपणी त्याच अडचणीतून त्या स्वतः गेल्या होत्या. शाळेतली भाषा एक, घरातली दुसरी, आणि घरातली बोलली की वर्ग हसतो. अआइई पासून ज्ञ पर्यंत सगळी मुळाक्षरं आणि बाराखडी पाठ होईपर्यंत वाचन सुरूच करायचं नाही ही रीत त्यांनी सोडली. थोडी अक्षरं आणि दोन-चार स्वरचिन्हं हाती आली की लगेच मुलाला अर्थ कळेल असे शब्द आणि वाक्यं वाचायला द्यायची, भरपूर बोलू द्यायचं, गोष्टी वाचून दाखवायच्या, त्याच्या घरच्या बोलीला चूक म्हणायचं नाही आणि प्रमाण मराठी मात्र नीट शिकवायची. परक्या विदुषीला मराठी शिकताना जे लागलं तेच गावातल्या वंचित मुलाला लागतं, हे दाखवणारी ही शाळा आहे. फलटणची मुलं त्यांना मॅक्सीनमावशी म्हणत. मावशी म्हटलं की तिच्या बोलण्यातली चूक काढायला मुलाला संकोच वाटत नाही. मॅडमची चूक कोणी काढत नाही.

कासेगावच्या गेल ऑम्व्हेट यांची वाट वेगळी होती आणि ती माझ्या म्हणण्याला आणखी एक बाजू जोडते. १९४१ साली मिनियापोलिसमध्ये जन्म, बर्कलेतून १९७३ मध्ये महाराष्ट्रातल्या ब्राह्मणेतर चळवळीवर डॉक्टरेट, १९७६ मध्ये भारत पाटणकर यांच्याशी विवाह, १९८३ मध्ये भारतीय नागरिकत्व आणि २५ ऑगस्ट २०२१ रोजी कासेगावातच अखेर. वाळवा तालुक्यातल्या त्या घरात सासूबाई इंदुमती पाटणकर होत्या, प्रतिसरकारच्या लढ्यात उतरलेल्या. दुष्काळी भागातल्या पाण्याच्या लढ्यात, परित्यक्ता स्त्रियांच्या चळवळीत, श्रमिक मुक्ती दलाच्या बैठकांत ऑम्व्हेट वावरल्या. बैठकीत वाद होतात, आणि वादात कौतुकाला जागा नसते. तुमचं म्हणणं पटलं नाही तर समोरचा शेतकरी तोंडावर सांगतो, तुमचा शब्द चुकला तर तोच बरोबर शब्द वापरून पुढे बोलतो. त्यांची मतं सगळ्यांना मान्य होती असं नाही. मोठ्या धरणांवर, जागतिकीकरणावर, शेतकरी संघटनेच्या भूमिकेवर त्यांच्याशी इथल्याच कार्यकर्त्यांनी कडाडून वाद घातले. पाहुणीशी कोणी असा वाद घालत नाही. त्यांच्याशी घातला गेला, हीच त्या इथल्या झाल्याची खूण मी मानतो.

यावर एक आक्षेप सहज येईल. एलिनॉर झेलियट इथे कायमच्या राहिल्या नाहीत, नागरिक झाल्या नाहीत, अमेरिकेतल्या कार्लटन कॉलेजात १९६९ ते १९९७ शिकवत राहिल्या, तरीही आंबेडकरी चळवळीच्या इतिहासात त्यांच्याइतकं मानाचं स्थान फार थोड्या परदेशी अभ्यासकांना आहे. मग घर करून राहण्याची अट कशाला? ती अट मी घालतच नाही. झेलियट दशकानुदशकं परत परत येत राहिल्या, विद्यार्थ्यांना घेऊन आल्या, आणि ज्यांच्यावर लिहिलं त्या लोकांनी आपलं लिखाण वाचून बोलावं अशा बेताने वागल्या. आपल्या जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या चोखामेळ्यावर त्यांनी लिहिलं ते संताची महती सांगण्यापुरतं थांबत नाही. आंबेडकरांनंतरच्या दलित समाजाने चोखामेळ्याकडे पाठ का फिरवली हा अवघड प्रश्न त्यांनी घेतला, आणि तो त्यांना त्या समाजातल्या माणसांनीच दिला असणार. वसंत मून यांच्या ‘वस्ती’ या आत्मकथनाचं इंग्रजी भाषांतर २००१ मध्ये निघालं, ते ऑम्व्हेट यांनी केलं आणि प्रस्तावना झेलियट यांनी लिहिली. एक कासेगावची, एक मिनेसोटाची. चूक ऐकून घेण्याची तयारी दोघींजवळ होती, मुक्काम कुठे होता हे दुय्यम आहे.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत आले, १८३१ मध्ये अहमदनगरला गेले, पुढे सोलापुरातही त्यांचं ठाणं, शाळा, दवाखाने झाले. ते मराठी उत्तम शिकले. पंडित ठेवून, रोज धडे घेऊन, चुका दुरुस्त करून घेऊन शिकले, आणि १८४२ पासून ‘ज्ञानोदय’ चालवला. मग दुरुस्ती हेच रुळण्याचं गमक असेल तर ते सगळे इथलेच का झाले नाहीत? याचं उत्तर दुरुस्त कोण करतं यात आहे. पगारी पंडित साहेबाचं व्याकरण सुधारतो, साहेबाचं वागणं सुधारत नाही. बंगल्याच्या आवारात शिकलेली भाषा कितीही शुद्ध असली तरी तिला शेजार मिळत नाही. त्यांच्यातही अपवाद होते. जस्टिन ॲबट यांनी म्हातारपणाची वर्षं महिपती, एकनाथ, बहिणाबाई यांच्या इंग्रजी भाषांतरात घालवली आणि ते धर्मप्रसाराच्या मर्यादेबाहेर गेले. पण ज्याच्या हातात सत्ता आहे त्याला चूक दाखवणारा शेजारी मिळणं कठीण, हे मिशनच्या शंभर वर्षांतून दिसतं. आजच्या अमेरिकन प्राध्यापकाकडे ब्रिटिश काळची सत्ता नाही, तरी डॉलरची, गोऱ्या कातडीची आणि इंग्रजीची आहेच. म्हणून त्याला मुद्दाम खाली बसावं लागतं, आणि आपल्याला मुद्दाम बोलावं लागतं.

तिसरं कोणी म्हणेल की हे सगळं अमेरिकनांनी इथे येऊन केलं, आपला माणूस बाहेर गेला तर? सोलापूरला हे उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. भैय्या चौकातल्या स्मारकापाशी उभं राहिलं की झालं. १९१० साली सोलापुरात जन्मलेले द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. बाकीचे परतले, ते थांबले. चिनी शिकले, चिनीतून शिकवू लागले, जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले, तिथल्या परिचर्या शिकवणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी विवाह केला, आणि विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियेचं पाठ्यपुस्तक लिहिता लिहिता ९ डिसेंबर १९४२ रोजी ३२ व्या वर्षी गेले. चार वर्षांत परकी भाषा एवढी येण्याचं कारण हुशारी आहेच, पण रणांगणामागच्या शस्त्रक्रियागृहात चुकीच्या शब्दाचं कौतुक करायला कोणाला सवड नसते. हत्यार मागताना शब्द चुकला तर मदतनीस बरोबर शब्द उच्चारूनच हत्यार हातात देतो. त्यागाची गोष्ट म्हणून आपण कोटणीसांना आठवतो. त्यांना मराठी माणसाने परमुलखात रुळण्याचं उदाहरण म्हणूनही अभ्यासायला हवं, आणि ते शाळांमधून कोणी शिकवत नाही.

सगळ्यात मोलाचा पुरावा मी शेवटासाठी राखला आहे, कारण तो एका माणसाचा नसून गावाचा आहे. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडला जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अमेरिकन अभ्यासकांनी पाहणी केली आणि १९७१ साली तिचे निष्कर्ष छापले. जगभरच्या भाषाविज्ञानाच्या वर्गांत आज हे गाव शिकवलं जातं. कन्नड, मराठी, उर्दू आणि तेलुगू अशा चार भाषा तिथे पिढ्यानपिढ्या शेजारी नांदत होत्या. शब्द ज्याचे त्याचे राहिले, पण वाक्यांची घडण एकमेकींच्या इतकी जवळ आली की एका भाषेतल्या वाक्यात शब्दाच्या जागी शब्द ठेवत गेलं तरी दुसऱ्या भाषेतलं वाक्य तयार व्हावं. त्यात लिंगाचंही आलं. कुपवाडच्या मराठीत माणसांपुरतं पुल्लिंग आणि स्त्रीलिंग राहिलं, निर्जीव वस्तू कन्नडप्रमाणे नपुंसकलिंगात गेल्या. म्हणजे ज्या चुकीवरून प्राध्यापकाचं कौतुक आणि विणकराच्या मुलाची टवाळी होते, ती तिथे चूक उरलीच नव्हती. सगळ्या गावाने मिळून जुळवून घेतलं होतं, घरमालकांनीसुद्धा. कोणी म्हणेल, मग चूक सुधारायची कशाला, कुपवाडसारखंच होऊ द्या. पण कुपवाडला ते शतकांच्या रोजच्या देवघेवीतून झालं. जिथे देवघेवच नाही तिथे न सुधारलेली चूक म्हणजे तुटलेपण, आणि आजच्या मुलाला परीक्षा, नोकरी आणि न्यायालय प्रमाण मराठीतच गाठावं लागतं. त्याला ती मराठी नाकारणं म्हणजे दार लावून घेणं.

सोलापूरला हे सांगावं लागू नये. चाटी गल्लीतला कापडदुकानदार एका तासात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी बोलतो आणि त्यात काही विशेष आहे असं त्याला वाटत नाही. आषाढी-कार्तिकीला पंढरपुरात आणि संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत परदेशी अभ्यासक दरवर्षी येतात. रा. चिं. ढेरे यांच्या ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’चा इंग्रजी अनुवाद अमेरिकेतल्या ॲन फेल्डहाउस यांनी केला आणि तो २०११ मध्ये निघाल्यापासून ही वर्दळ वाढली तर नवल नाही. ते येतात, टिपणं घेतात, पुण्याला परततात. त्यांना मराठी शिकवणारा एकही नीट अभ्यासक्रम या शहरात नसावा ही लाजेची गोष्ट आहे, आणि त्याहून जास्त लाज वाटावी ती तेलुगू-कन्नड घरांतल्या मुलांना आपण आजही मराठी ‘आलीच पाहिजे’ असं धरून शिकवतो याची. दोघांची गरज एकच आहे. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर विद्यापीठाने आणि शहरातल्या महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी बर्नसन आणि निंबकर यांची पुस्तकं समोर ठेवून, सोलापूरची बोली जमेस धरून, दोघांनाही चालेल असं एक पाठ्यपुस्तक करावं, आणि त्याच्या वर्गात परदेशी प्राध्यापक आणि पूर्व भागातली मुलं एकाच बाकावर बसवावीत. तोवर, वाचकहो, तुमच्या दारात कोणी ‘माझा भाकरी’ म्हणाला, मग तो शिकागोचा असो की करीमनगरचा, तर त्याला हसू नका आणि शाबासकीही देऊ नका. ‘माझी भाकरी’ एवढंच म्हणा आणि ताटात वाढा.